ढग मऊ, मग गडगडाट कसला? (पोरांना हवामान सांगताना)

पर्वतीपायथा | ८ जून, रात्री १०:४०

आज मृग लागला. पाऊस काही आला नाही, पण गेल्या आठवड्यातल्या वळवाने आमच्या घरात जो गोंधळ घातला तो निस्तरायला हा धागा काढतेय.

लेक आठ वर्षांची, यंदा तिसरीत. वीज कडाडली तशी येऊन बिलगली आणि विचारलं, "आई, हा आवाज कसला?" मी भाकऱ्या करत होते. हात पिठाचे, डोकं ऑफिसात. म्हटलं, "ढगावर ढग आपटतात ना, त्याचा." झालं. दोन मिनिटं शांतता. मग, "पण तू म्हणाली होतीस ढग म्हणजे वाफ. वाफ वाफेवर आपटली तर आवाज कसा येईल? दोन कुकर शेजारी ठेवले तर वाफा आपटतात की. वाजत तर नाहीत."

सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, वरती म्हातारी हरभरे भरडतेय." लेकीने आजीकडे प्रेमाने पाहिलं आणि माझ्याकडे संशयाने. म्हणजे आजीची गोष्ट तिने गोष्ट म्हणून घेतली आणि माझी थाप थाप म्हणून बरोब्बर पकडली. हे मला जरा लागलंच.

मी कॉमर्सवाली. मला शाळेत हेच सांगितलं होतं आणि मी तीस वर्षं ते तसंच बाळगून आहे. तेव्हा जाणकारांनी मदत करा. अट एकच, खोटं नको आणि "मोठी झालीस की कळेल" हेही नको. फ्रिजवर यादी चिकटवली गेली आहे: आवाज कसला? ढग खाली का पडत नाहीत? थेंब केवढा असतो? लोणावळ्यात धो धो आणि आपल्याकडे भुरभुर, असं का? वेधशाळेला आधी कसं कळतं, आणि कळतं तर चुकतं कसं?

कर्कश_कावळा | ८ जून, रात्री ११:०५

नेटवर व्हिडिओ आहेत ढिगाने, लावून द्या. आमच्या लहानपणी कोणी एवढं सांगत बसलं नव्हतं. काय बिघडलं?

कुळीथपिठी | ८ जून, रात्री ११:१२

बिघडलं हेच, की चाळिशीतही ढग आपटतायत. (दिवा घ्या.)

भूगोलमास्तर | ९ जून, सकाळी ६:५०

पर्वतीपायथा ताई, तुमच्या लेकीला माझा नमस्कार सांगा. ३४ वर्षं सातारा जिल्ह्यात भूगोल शिकवला, कुकरचा मुद्दा एकाही पोराने काढला नव्हता.

पहिली दुरुस्ती कुकरपासूनच. वाफ दिसत नाही. चहाच्या किटलीला उकळी आली की तोटीच्या तोंडाशी बोटभर जागा रिकामी दिसते आणि त्यापुढे पांढरा झोत सुरू होतो. त्या रिकाम्या जागेत आहे ती वाफ. पांढरं दिसतं ते थंड हवेत गेल्यावर झालेले पाण्याचे बारीक थेंब. (लांबून दाखवा. तिथे बोट घालून बघणारा एक विद्यार्थी मला मिळाला होता.) म्हणजे ढग वाफेचा नसतो, थेंबांचा असतो. आणि उंच ढगाच्या वरच्या मजल्यावर बर्फाचे कण असतात. गडगडाटाची गंमत तिथे आहे.

ढगात हवा जोरात वर चढत असते. तिच्याबरोबर बर्फाचे हलके स्फटिक वर जातात आणि साबुदाण्याएवढ्या मऊ गारा जडपणाने मागे राहतात. या दोघांची घासाघीस होते. प्लॅस्टिकचा कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचा खेळ तिने केला असेल, तशीच ही वीज. साधारणपणे वरचा मजला धन होतो आणि खालचा ऋण. साठा फार झाला की एका झटक्यात निचरा होतो. तेव्हा "आपटतात" हा शब्द अगदीच टाकाऊ नाही बरं. फक्त ढग आपटत नाहीत, ढगातले बर्फाचे कण आपटतात.

आता आवाज. वीज जाते त्या वाटेवरची हवा क्षणात ३०,००० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते. सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. तापलेली हवा एकदम फुगते आणि धडाका होतो. दिवाळीतल्या सुतळी बॉम्बचा आवाज तरी दुसरा कसला असतो, झटकन फुगलेल्या हवेचाच. आणि वीज काही किलोमीटर लांबीची असते. तिच्या जवळच्या टोकाचा आवाज आधी पोचतो, लांबच्या टोकाचा मागाहून, म्हणून एकच "धडाम" न होता गडगडगड असं लांबत जातं.

लखलखाट दिसला की तिला मोजायला लावा: एक हजार एक, एक हजार दोन... आवाज येईतो जेवढे सेकंद, त्याला तीनने भागा. तेवढे किलोमीटर. माझा अनुभव असा की मोजायला लागलं की पोर भ्यायचं विसरतं.

वऱ्हाडीठसका | ९ जून, सकाळी ७:३०

मास्तर, लय भारी सांगितलंत. पण मोजणीचा दुसरा अर्धा भाग पण सांगा ना राजेहो. तीसच्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. मग मोजणं बंद आणि सरळ घरात. आमच्याकडे यवतमाळात दरसाल माणसं अन् ढोरं जातात, बहुतेक वेळा झाडाखाली उभी असलेली. पाऊस आला की झाडाखाली पळायची सवय आपणच लहानपणी लावतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने काढलेलं 'दामिनी' नावाचं ॲप आहे, आपल्या आसपास वीज पडते आहे का ते दाखवते. बांधावर जायच्या आधी मी तेच बघतो. पोरीला कंगव्याचा खेळ दाखवा, पण झाडाचं आधी सांगा.

कुळीथपिठी | ९ जून, सकाळी ९:१५

एक शंका. आमच्याकडे चिपळूणला जुलैत आठ आठ दिवस धार तुटत नाही. पागोळ्यांखाली लावलेली पिंपं दहा मिनिटांत भरतात. पण गडगडाट जवळपास नाहीच. तो मे अखेरीला आणि मग एकदम ऑक्टोबरात. एवढा पाऊस आणि आवाज नाही, असं कसं?

नोंदवहीवाला | ९ जून, सकाळी १०:२०

कुळीथपिठी, प्रश्न फार चांगला. उत्तर मास्तरांच्या पोस्टमध्येच आहे: बर्फ लागतो. पावसाळ्यात आपल्या डोक्यावर गोठणबिंदू सुमारे पाच किलोमीटरवर असतो. मेमधला वळवाचा ढग बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत चढतो, म्हणजे त्याचा निम्म्याहून जास्त भाग गोठणाऱ्या थंडीत. जुलैत कोकणावर आणि घाटावर येणारे बरेचसे ढग बसके असतात. ते बर्फापर्यंत पोचतच नाहीत. थेंबाला थेंब मिळून मोठा होतो आणि पडतो. घासाघीस करायला बर्फच नाही, तर वीज कुठून येणार.

(मी निवृत्त निरीक्षक. आयुष्यभर पर्जन्यमापकात डोकावलो.)

आठवा_गिअर | ९ जून, दुपारी १:४०

ढग पडत का नाही, हा माझ्या मुलाचाही प्रश्न होता. त्याला आकडे आवडतात म्हणून हिशोब मांडला. एक किलोमीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच असा साधा पांढरा ढग घ्या. त्यात घनमीटरला साधारण अर्धा ग्रॅम पाणी. म्हणजे सगळ्या ढगात पाचशे टन! दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमागे वीस टन ऊस धरला तर पंचवीस ट्रॅक्टर डोक्यावर लटकलेत. मुलगा लगेच खिडकीतून बाजूला झाला.

मग दुसरा आकडा सांगितला. त्याच एक घन किलोमीटरमधल्या नुसत्या हवेचं वजन दहा लाख टन. त्यात पाचशे टन पाणी, तेही एका ठिकाणी नाही, अब्जावधी ठिपक्यांत विखुरलेलं. एकेक ठिपका ०.०२ मिलीमीटरचा. तो पडतो, नाही असं नाही, पण सेकंदाला सेंटीमीटरभर. खालून वर येणारी हवा त्याहून जोरात असते. आमच्या हॉलमध्ये सकाळी कवडसा पडतो, त्यात धूळ तरंगताना दिसते. मुलाला म्हटलं, ही धूळसुद्धा हवेपेक्षा जडच आहे, पडली का? तो बराच वेळ कवडशात बसून राहिला. शाळेची बस चुकली.

कर्कश_कावळा | ९ जून, दुपारी २:०५

पण दमट हवा तर जड असते ना? मुंबईत छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं. जड हवा वर चढेल कशी?

आठवा_गिअर | ९ जून, दुपारी २:३०

नाही काका, उलट आहे. पाण्याच्या रेणूचं वजन १८, हवेतल्या नायट्रोजनचं २८, ऑक्सिजनचं ३२. बाष्प शिरतं तेव्हा जड रेणूंच्या जागी हलका येतो. तितकीच तापलेली कोरडी हवा शेजारी ठेवली तर दमट हवा हलकी भरेल. मुंबईत जड वाटतं कारण घाम वाळत नाही.

कर्कश_कावळा | ९ जून, दुपारी २:५०

हे मला पन्नास वर्षं उलटं माहीत होतं. (व्हिडिओवाली सूचना मागे घेत नाही, पण वाचतोय.)

नोंदवहीवाला | ९ जून, सायंकाळी ५:१०

थेंब केवढा, हे मुलीला सांगू नका. तिला मोजू द्या. मैदा लागेल.

अमेरिकेत व्हरमाँटमध्ये विल्सन बेंटली नावाचा शेतकरी होता. हिमाच्या स्फटिकांचे फोटो काढण्यासाठी तो प्रसिद्ध आहे, पण त्याने पावसाचे थेंबही मोजले. १९०४ साली त्याने ती पद्धत छापून प्रसिद्ध केली. परातीत चाळलेला मैदा दोन बोटं जाड पसरायचा. परात झाकून पावसात न्यायची, झाकण दोन-तीन सेकंद काढायचं, परत झाकायचं. जेवढे थेंब पडले तेवढ्या गोळ्या होतात. रात्रभर वाळू द्या आणि सकाळी चाळणीने मैदा गाळा. गोळ्या वर राहतात. फूटपट्टीवर ओळीने मांडा. गोळी आणि थेंब तंतोतंत सारखे नसतात, पण लहान कुठला आणि मोठा कुठला ते स्पष्ट दिसतं.

आणि त्याआधी तिला थेंबाचं चित्र काढायला सांगा. शेंडीवालं काढेल, सगळेच काढतात. नळाला लोंबणारा थेंब तसा असतो, पडणारा नाही. बारीक थेंब गोल असतो आणि मोठा थेंब खालून हवेच्या दाबाने चपटा होतो, पावाच्या वरच्या अर्ध्या भागासारखा. पाच-सहा मिलीमीटरच्या पुढे तर तो फुटतोच. म्हणून नारळाएवढा थेंब कधी पडत नाही.

कुळीथपिठी | ९ जून, सायंकाळी ५:२५

पाव-साचा थेंब! हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

पर्वतीपायथा | १४ जून, रात्री ९:३०

मैदा झाला. अहवाल देते.

परवा दुपारी चारला आभाळ भरून आलं. सासूबाईंनी आधी परात द्यायला नकार दिला ("पुरणाची आहे ती"), मग स्वतःच मैदा चाळून दिला. लेक गच्चीच्या दारात परात घेऊन उभी, वर पोळपाट झाकण म्हणून. पहिले टपोरे थेंब आले, तिने पोळपाट काढला आणि एक दोन तीन म्हणताना आनंदाने तीनचे दहा झाले. परातीत पिठलं. दुसरी फेरी पाऊस ओसरताना केली, ती नीट जमली.

सकाळी चाळलं. ओसरत्या पावसाच्या गोळ्या मोहरीएवढ्या, काही तर खसखशीसारख्या. आज दुपारी पुन्हा सर आली तेव्हा सुरुवातीचे थेंब पकडले. त्या गोळ्या साबुदाण्यासारख्या, एक तर तुरीच्या डाळीएवढी. आता डब्यात कापसावर ठेवल्या आहेत, पहिला पाऊस म्हणून. तिचा पुढचा प्रश्न: सरीच्या सुरुवातीला मोठे थेंब आणि शेवटी बारीक, असं का? मी "विचारून सांगते" म्हटलं. हे वाक्य आमच्या घरात आता दिवसाला चारदा म्हटलं जातं.

नोंदवहीवाला | १५ जून, सकाळी ७:१५

शाब्बास. एक कारण शर्यतीचं आहे. मोठा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटरने येतो, रिमझिमीतला बारीक दोन मीटरने किंवा त्याहून हळू. दोघे एकदम निघाले तर मोठा आधी पोचतो. शिवाय ढगाखालची हवा सुरुवातीला कोरडी असते, बारीक थेंब वाटेतच सुकतात. मोठेच तेवढे तुमच्या परातीपर्यंत टिकले.

भूगोलमास्तर | १५ जून, सकाळी ८:००

आता लोणावळ्याचं. मला मात्र माझा घाट घेऊ द्या, वाई ते महाबळेश्वर. मी सहल तिथेच न्यायचो आणि मुद्दाम जुलैत, पालकांच्या शिव्या खाऊन. वाईतून निघताना पोरं छत्र्या मिटूनच बसलेली असायची. पसरणीचा घाट चढून पाचगणीला आलं की वायपर सुरू. आणि पुढे वीसेक किलोमीटरवर महाबळेश्वरला काचेबाहेर काही दिसायचंच नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलीमीटर. पाचगणीला त्याच्या निम्म्याहून कितीतरी कमी. आणि त्याच जिल्ह्यात पूर्वेला माण तालुक्यात जेमतेम चार-पाचशे.

समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्रीला अडते. मागून रेटा असतो, मग ती वर चढते. महाबळेश्वर सुमारे १३७० मीटरवर. वर दाब कमी, म्हणून हवा पसरते आणि पसरताना गार होते. गार हवेत बाष्प मावत नाही आणि पाऊस पडतो. घाट ओलांडला की तीच हवा उतरते, दाबली जाऊन तापते आणि ढग विरतात. पुस्तकात याला प्रतिरोध पाऊस आणि पर्जन्यछाया म्हणतात. मी पोरांना म्हणायचो, ओला टॉवेल महाबळेश्वरात पिळला, माणवाल्यांच्या हातात नुसता दमट टॉवेल आला. माणदेशातून शिकायला आलेला एक मुलगा होता, तो म्हणाला, "सर, आम्हाला कधीच अख्खा टॉवेल मिळत नाही का?" वर्ग हसला. मला उत्तर सुचायला वेळ लागला. परतीच्या पावसात बंगालच्या उपसागराकडून वारा येतो, तेव्हा थोडा मिळतो, हे मी त्याला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

कर्कश_कावळा | १५ जून, सकाळी ११:४५

आणि ही ओली हवा येते कारण उन्हाळ्यात जमीन तापते, हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्राची हवा धावते. एवढं मलाही येतं.

आठवा_गिअर | १५ जून, दुपारी १२:१०

अर्धं. जमीन सगळ्यात तापते मेमध्ये, चंद्रपूर पंचेचाळिशीच्या वर जातं. मग पाऊस जुलैत का जोर धरतो, जेव्हा जमीन गार झालेली असते?

भूगोलमास्तर | १५ जून, दुपारी ३:३०

कावळेकाका, रागावू नका, हे मीही वीस वर्षं तसंच शिकवलं. १६८६ साली एडमंड हॅलीने, तोच धूमकेतूवाला, ही कल्पना मांडली आणि ती अजून पुस्तकांत आहे. चूक नाही, अपुरी आहे. पृथ्वीच्या पोटाभोवती पावसाचा एक पट्टा असतो, जिथे दोन्हीकडचे वारे येऊन भेटतात आणि हवा वर चढते. सूर्य उत्तरेकडे सरकला की हा पट्टाही मागोमाग सरकतो आणि जून ते सप्टेंबर आपल्या अंगणात येतो. त्याला भेटायला विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून वारे निघतात, सोमालियाच्या किनाऱ्याजवळून वळतात आणि नैऋत्येकडून आपल्यावर येतात. केरळात सरासरी १ जून, मुंबईत ११ जून.

वळतात का? बागेत ते गोल फिरणारं लोखंडी चक्र असतं ना, त्यावर समोरासमोर दोन पोरं बसवा आणि चक्र फिरताना एकाला दुसऱ्याकडे चेंडू फेकायला सांगा. चेंडू सरळच जातो, पण चक्रावरच्यांना तो वळलेला दिसतो. आपण सगळे तसल्याच चक्रावर बसलोय. टेनिसचा चेंडू घ्या. मी एकदा लेदरचा नेला होता, त्याविषयी न बोललेलं बरं.

बर्फाळ_तळ्याकाठी | १५ जून, रात्री ११:५५

वाचतेय, मजा येतेय. आम्ही मिशिगनमध्ये, इथे मुलं हाच प्रश्न बर्फाबद्दल विचारतात. तळ्याच्या पश्चिमेला मिलवॉकीत बर्फ कमी आणि पूर्व काठावर आमच्याकडे ढीग. नोव्हेंबर-डिसेंबरात थंड कोरडा वारा तळ्यावरून येतो, तळं त्यामानाने ऊबदार, त्यातून बाष्प उचलतो आणि आमच्या दारात हिम ओततो. मुलाला मास्तरांचा टॉवेल सांगितला. तो म्हणाला, आपल्या तळ्यात टॉवेल बुडवतात आणि आजोबांच्या डोंगरावर पिळतात.

भूगोलमास्तर | १६ जून, सकाळी ६:३०

हे वाक्य मला तीस वर्षांपूर्वी का नाही मिळालं!

पर्वतीपायथा | २० जून, रात्री १०:००

यादीत शेवटचं उरलंय. काल मोबाइलवर 'ऑरेंज अलर्ट' आला, लेकीने रेनकोट घातला आणि दिवसभर लख्ख ऊन. संध्याकाळी तिचा निकाल: "वेधशाळा पण थापा मारते."

आठवा_गिअर | २० जून, रात्री १०:४५

कॅरम आहे घरात? मधल्या सोंगट्या रचा, त्याच जागेवरून, त्याच जोराने दहा वेळा फोडायला सांगा. सोंगट्या दहाही वेळा वेगळ्या विखुरतील. स्ट्रायकर केसभर जरी सरकला तरी पुढच्या प्रत्येक टकरीत तो फरक वाढत जातो. १९६१ साली एडवर्ड लोरेन्झने संगणकावर हवामानाचं गणित परत चालवताना ०.५०६१२७ च्या ऐवजी ०.५०६ एवढंच भरलं. थोड्या वेळाने हवामान पार वेगळंच निघालं. तरी "सोंगट्या चहूकडे पांगतील" हे आपण छातीठोक सांगू शकतो, नाही का? अंदाज तसा असतो. जिल्ह्यात मुसळधार पाऊस होईल हे सांगता येतं, तुमच्या गच्चीवर चार वाजता होईल हे नाही.

नोंदवहीवाला | २१ जून, सकाळी ७:४०

यात भर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पडला. त्याच दिवशी कुलाब्याला ७३-७४. एकाच शहरात, वीस-पंचवीस किलोमीटरवर. दक्षिण मुंबईतल्या पोराने त्या दिवशी "काही विशेष नाही" म्हटलं असतं आणि ते खोटं नसतं.

मिलीमीटर म्हणजे काय हेही तिला कळू द्या. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. पन्नास चौरस मीटरच्या गच्चीवर ९४४ मिलीमीटर म्हणजे ४७,२०० लिटर. दहा हजार लिटरचे जवळजवळ पाच टँकर, एका गच्चीवर, एका दिवसात.

माझं ऐकाल तर तिला बाटली बनवून द्या. दोन लिटरची कोल्ड्रिंकची, सरळ अंगाची. वरचा निमुळता भाग कापून उलटा आत बसवायचा, गाळण्यासारखा. तळ खडबडीत असतो, तिथे खडे घालून सरळ भाग सुरू होतो तिथवर पाणी भरा आणि तिथे शून्याची खूण करा. वर पट्टी चिकटवा. झाड, पत्रा, भिंत यांपासून दूर, उघड्यावर ठेवा. आणि रोज सकाळी साडेआठलाच वाचायचं. देशभरातले निरीक्षक आदल्या साडेआठपासूनचा पाऊस तेव्हाच मोजतात.

ती विचारेल, मोठं भांडं ठेवलं तर जास्त पाऊस मोजला जाईल का. आमच्या फायबरच्या मापकाचं तोंड २०० चौरस सेंटीमीटर, त्यात एक मिलीमीटर म्हणजे २० मिलीलिटर पाणी. तोंड मोठं असेल तर पाणी जास्त पडतं, पण पसरतंही जास्त जागेत, उंची तीच. फक्त बादली नको. ती वर रुंद आणि खाली अरुंद असते, आकडा फुगतो.

पर्वतीपायथा | २१ जून, रात्री ९:१५

बाटली झाली. अडचण एकच, साडेआठला ती शाळेत आणि मी लोकांना धक्के देत ऑफिसच्या वाटेवर. सासूबाईंनी जबाबदारी घेतली आहे. आणि त्यांनी एक विषय काढलाय, तो इथे काढू की नको असं झालंय: नक्षत्राचं वाहन.

कर्कश_कावळा | २१ जून, रात्री ९:४०

आता धागा पेटणार. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

भूगोलमास्तर | २२ जून, सकाळी ७:००

पेटायचं कारण नाही. दोन गोष्टी वेगळ्या करा. सूर्य एका नक्षत्रात साडेतेरा दिवसांच्या आसपास असतो, म्हणजे मृग, आर्द्रा, पुनर्वसू हे सौर कॅलेंडरच झालं. दरवर्षी त्याच तारखांना येतं. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस ही पिढ्यान्पिढ्यांची निरीक्षणं आहेत, माझ्या वडिलांच्या पेरण्या त्यावरच व्हायच्या. वाहन मात्र निव्वळ अंकगणित आहे. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊने भागायचं, बाकीवरून घोडा की बेडूक ते ठरवायचं. त्यात ढग कुठेच येत नाही.

पण हे आजींना किंवा नातीला सांगू नका. बाटली आहे ना घरात?

वऱ्हाडीठसका | २२ जून, सकाळी ७:२०

मास्तर, तुम्ही लय पोचलेले.

पर्वतीपायथा | ११ जुलै, रात्री १०:२०

उशीर झाला, क्षमस्व. बाटली एकदा वाऱ्याने पडली, आता सासूबाईंच्या परकराच्या नाडीने कुंडीला बांधली आहे. एकदा आत गोगलगाय निघाली, त्या दिवशीच्या आकड्यापुढे लेकीने प्रश्नचिन्ह टाकलंय. मोजून झालेलं पाणी सासूबाई ओतून देत नाहीत, तुळशीला घालतात.

वहीत चार रकाने आहेत: तारीख, मिलीमीटर, वेधशाळा काय म्हणाली, पंचांग काय म्हणालं. चौथा रकाना सासूबाईंचा हट्ट होता. आमच्याकडच्या पंचांगात पुनर्वसूचं वाहन कोल्हा, म्हणजे पाऊस बेताचा. रात्रभर पत्रा वाजत होता. आज सकाळी लेक शाळेत गेल्यावर चष्मा लावून, पदर डोक्यावर घेऊन त्या गच्चीत गेल्या. संध्याकाळी वही उघडली तर त्यांच्या तिरक्या अक्षरात:

"११ जुलै. ४१. वेधशाळा: जोराचा. वाहन: कोल्हा. लबाड."